धूळ लावायला शिकलेली बाई

फुसाए उमेहाराचं आणि धुळीचं जुनं वैर. शाळा संपली तशी ती शिझुओकातल्या एका रोगणकामाच्या कारखान्यात लागली आणि तिथेच तिचे केस पांढरे झाले. कारखाना म्हणजे मागच्या गल्लीतल्या दोन बुटक्या खोल्या. मुलींच्या सणाला घरोघर ज्या बाहुल्या मांडतात, त्यांचं सामान तिथे तयार व्हायचं. काडेपेटीएवढी कपाटं, बोटभर उंचीचे आरसे, बैल नसलेल्या बैलगाड्या. सगळ्यांवर काळंभोर रोगण आणि त्यावर सोन्याच्या भुकटीने काढलेल्या वेली. वेली काढायचं काम फुसाएचं.

ओल्या रोगणावर धुळीचा एक कण बसला की वस्तू गेली. म्हणून आत शिरण्याआधी ओल्या फडक्याने कपडे पुसायचे, केस रुमालात घट्ट बांधायचे, जमिनीवर पाणी शिंपडायचं. थंडीतही लोकरीचा स्वेटर घालायचा नाही, कारण लोकरीचे तंतू उडतात. उस्ताद इशिगामी प्रत्येक वस्तू खिडकीच्या उजेडात धरायचे. कण दिसला, तर काही न बोलता वस्तू दुसऱ्या फळीवर ठेवायचे. रागावले असते तर बरं, असं सगळ्यांना वाटायचं.

पुढे लोकांची घरं लहान झाली. बाहुल्यांचा सात पायऱ्यांचा मांडव ठेवायला कुणाकडे जागा उरली नाही. उस्ताद गेले, काही वर्षांनी कारखानाही बंद झाला आणि साठीला टेकलेली फुसाए घरी बसली.

घर म्हणजे पुढे नवऱ्याचं सलून आणि मागे राहायच्या खोल्या. तिचा नवरा तात्सुओ हा आबे नावाच्या नदीच्या पुलाजवळच्या त्या वस्तीतला सगळ्यात जुना न्हावी. आणि गावातल्या निम्म्या पुरुषांसारखं त्यालाही प्लास्टिकच्या मॉडेलांचं वेड होतं. त्यात नवल काही नाही. या मॉडेलांचे कारखाने याच गावात, त्यामुळे कुणाची मावशी त्यांचे खोके भरते, कुणाचा मेहुणा साचे घासतो. दुपारी गिऱ्हाईक नसलं की तात्सुओ मागच्या खोलीत, वाळत घातलेल्या टॉवेलांखाली बसायचा. चौकटीतले सुटे भाग कापायचा, कडा घासायचा, चिकटवायचा, रंगवायचा. तयार झालेलं सगळं सलूनमधल्या काचेच्या कपाटात. रणगाडे, जीपगाड्या, तोफा.

रणगाडे तो उत्तम करायचा. चिखल, गंज, उडालेला रंग, सगळं असं की हात लावला तर बोट काळं होईल. माणसांशी मात्र त्याचं जमत नसे. खऱ्या माणसाच्या पस्तिसाव्या हिश्श्याएवढ्या सैनिकाचा चेहरा तुरीच्या दाण्याएवढा, आणि तात्सुओचा हात वस्तऱ्याला सरावलेला.

"तात्सुओ, तुझ्या या सार्जंटला कावीळ झालीय का रे?" खुर्चीत बसलेला सुगियामा एकदा म्हणाला. हा टॅक्सी चालवायचा आणि तात्सुओच्याच मॉडेल क्लबात होता.

"गप बस. कान कापीन."

"आणि शेजारचा बघ. त्याला तर डोळेच नाहीत. लढणार कसा?"

आत टॉवेलांच्या घड्या घालत फुसाएने हे ऐकलं. दुपारी नवरा डुलक्या घेत असताना ती त्याच्या टेबलाशी बसली. कारखान्यातला, उंदराच्या केसांचा आपला जुना कुंचला काढला आणि सार्जंटचा चेहरा पुसून नव्याने रंगवला. गालाच्या हाडावर जरा उजेड, हनुवटीखाली सावली, भुवयांमध्ये किंचित आठी.

तात्सुओ उठला, भिंगाचा चष्मा लावला आणि सार्जंटला उजेडात धरलं.

"हे तू केलंस?"

"रिकामीच बसले होते."

"अगं, याला राग आलाय."

"युद्धावर आहे ना तो. मग काय हसेल?"

बायकोचं काम स्वतःच्या नावावर खपवावं असं तात्सुओच्या मनातही आलं नाही. उलट त्याने ते गावभर सांगितलं. पुढच्या रविवारी क्लबच्या बैठकीत सार्जंट हातोहात फिरला, आणि त्याच्या पुढच्या बैठकीला फुसाएलाच बोलावणं आलं. समाजमंदिराच्या वरच्या मजल्यावर डझनभर म्हातारे आणि एक ती. क्लबचे अध्यक्ष डॉक्टर नागाकुरा दातांचे डॉक्टर होते. त्यांनी तिला स्वतःची उशी बसायला दिली.

ती दोन-चार बैठकांना गेली, सगळ्यांच्या सैनिकांचे चेहरे रंगवून दिले. मग एकदा म्हणाली, "एक विचारू? तुमच्याकडे सगळ्यांच्या हातात बंदूक आहे. यांना जेवायला कोण घालतं?"

"वहिनी, मग तुम्हीच काहीतरी करा की," नागाकुरा म्हणाले. "मे महिन्यात प्रदर्शन आहे. आपल्या टेबलावर अर्धा हात जागा तुमची."

काय करायचं ते ठरवायला तिला वेळ लागला नाही. तिचं माहेर आशिकुबोच्या खोऱ्यात, चहाच्या मळ्यांत. ती लहान असताना वडील तीनचाकी टेंपोतून चहाची पोती गावात आणायचे. तशा टेंपोचं मॉडेल तात्सुओने दुकानातून शोधून आणलं. बांधणी त्याची, रंग तिचा, असं ठरलं. मागे पोती, आणि पोत्यांवर बसून भाताचे गोळे खाणाऱ्या दोन बाया. पोती तिने चहा गाळायच्या कागदाची शिवली.

टेंपोला तिने रंग दिला तो रोगणासारखाच. पातळ थर, वाळू द्यायचा, घासायचा, पुन्हा थर. हिरवा रंग असा चमकला की त्यात खिडकी दिसायला लागली. तात्सुओने मनापासून वाहवा केली आणि मग सलूनमधली पावडर आणि दाढीचा जुना ब्रश घेऊन आला. रस्त्यावरची धूळ म्हणून तो नेहमी तीच वापरायचा.

फुसाएने टेंपोवर ओंजळ धरली. "हात लावाल तर बघा."

"अगं, चहाच्या मळ्यातली गाडी आहे. लग्नातली नाही."

"असू दे. मी पुसून ठेवलीय."

तशीच ती क्लबात नेली. सगळे वाकून बघत राहिले. पोत्यांवरच्या बायांचं कौतुक झालं, त्यांच्या डोक्यावरच्या रुमालांच्या नक्षीचं झालं. टेंपोबद्दल कुणी काही बोलेना. शेवटी सुगियामाच म्हणाला, "वहिनी, गाडी सुंदर आहे. फक्त रस्त्यावर उतरलेली नाही अजून."

"देवापुढे ठेवावी अशी झालीय," नागाकुरा म्हणाले. त्यांना ती स्तुतीच वाटली होती.

फुसाए सगळ्यांबरोबर हसली. घरी आल्यावर मात्र मुळा किसत बसली, तो इतका किसला की दोघांना संपला नसता.

"सुगियामाच्या तोंडाला झाकण नाही," तात्सुओ म्हणाला.

"खरं बोलला तो. मला कळतंय. पण हात पुढे होत नाही. कुंचला मातीच्या रंगात बुडवला की वाटतं, उस्ताद मागे उभे आहेत."

"ते जाऊन किती वर्षं झाली."

"म्हणून तर पंचाईत. आता त्यांची समजूत कशी घालू?"

किसलेल्या मुळ्यावर सोया सॉस घालून तात्सुओने तो संपवायला घेतला.

मार्चमध्ये दिवस-रात्र सारखे होतात, तेव्हा घरच्या कबरी धुऊन फुलं वाहायची असतात. त्यासाठी फुसाए माहेरी गेली. थोरला भाऊ यासुनोरी आता एकटाच तिथे राहतो. कबरीवरून परतल्यावर तिने विचारलं, "दादा, बाबांचा टेंपो अजून आहे का रे?"

"आहे म्हणजे, काढून कोण नेणार? शेडमागे पडलाय. साप असतील, जपून."

टेंपो वेलींत बुडाला होता. भावाने कोयत्याने वेली तोडून दिल्या आणि फुसाए उलट्या पेटीवर बसली. दुपारभर ती नुसती बघत होती. यासुनोरीने चहा आणून दिला, तो गार झाला.

तिला वाटलं होतं, गंज म्हणजे घाण, कुठेही बसते. तसं नव्हतं. चाकाने उडवलेला चिखल जिथे साठत असे तिथून, दाराच्या खालच्या कडेतून गंज वर चढला होता. पोती ओढून ओढून मागच्या फळीचा रंग गेला होता, पण फळीच्या बगला अजून हिरव्या होत्या. पाणी टपावरून एकाच बाजूने उतरायचं, कारण वडील गाडी नेहमी त्याच उतारावर लावायचे. चालकाच्या बाजूला खिडकीच्या कडेवर वीतभर पत्रा उघडा पडून गुळगुळीत झाला होता.

"बाबांचं कोपर," ती म्हणाली.

"हो. शर्टाची ती बाही नेहमी फाटलेली असायची."

ती उठून दुसऱ्या बाजूला गेली. तिथेही खिडकीच्या कडेला रंग उडाला होता, पण कमी जागेत आणि खोल. चार बोटांएवढाच.

"आणि हे? आई पण कोपर टेकायची?"

"कोपर कसलं. दार घट्ट धरून बसायची ती. घाटातली वळणं सुरू झाली की डोळे मिटून घ्यायची."

"आई घाबरायची?"

"जाम घाबरायची. तू मागे पोत्यांवर गाणी म्हणत असायचीस. तुला काय दिसणार?"

"पण दर खेपेला यायची की. मला वाटायचं, तिला फिरायला आवडतं म्हणून येते."

"बाबांना झोप यायची गाडी चालवताना. ती बोलत राहायची त्यांच्याशी. बोलायची आणि घाबरायची, दोन्ही."

फुसाएने त्या चार बोटांच्या जागेवर आपली बोटं ठेवून पाहिली. आईचा हात तिच्यापेक्षा लहान होता. मग तिने खिशातला पांढरा रुमाल काढून टपावरून फिरवला आणि उजेडात धरला. धूळ तपकिरी नव्हती. राखाडी होती, त्यात हिरवट झाक. रुमाल घडी करून तिने पर्समध्ये ठेवला.

"शहरात धूळ मिळत नाही वाटतं," यासुनोरी म्हणाला.

"इथली नाही मिळत."

घरी आल्यावर तिने टेबल पुसलं. केस रुमालात बांधले, जमिनीवर पाणी शिंपडलं, खिडकी लावून घेतली. तात्सुओ दारात उभा राहून बघत होता.

"धूळ लावायला एवढी स्वच्छता मी जन्मात पाहिली नाही."

"धूळ लावायचीय, पण आपण ठरवलेली. वाऱ्याने आणलेली नको. दार ओढून घ्या."

रंगीत खडू किसून तिने रुमालावरच्या धुळीचा रंग जुळवला. पहिला ठिपका लावायला तिला सगळ्यात जास्त वेळ लागला. चालकाच्या दाराखाली, चाकामागे एक इवलासा गंजाचा डाग. सोन्याच्या वेली काढताना श्वास जसा रोखायची तसाच आताही रोखला होता. मग दुसरा डाग, मग फळीवरचे ओरखडे. कोपराच्या जागी तिने हिरवा रंग खरवडून तिथे चंदेरी रंगाचा पत्रा काढला आणि तो बोटाने घासून मऊ केला. पलीकडच्या दारावर चार बोटांची जागा करायला तिने एकाच केसाचा कुंचला वापरला. टप, पोती आणि बाया यांच्यावर हिरवट राखाडी धूळ शेवटी, फुंकर घातल्यासारखी.

इतके दिवस तिने घासून घासून आणलेली चकाकी त्याखाली गेली. ती पूर्ण गेली नव्हती, टपाच्या कडेला थोडी जाणवत होती. नवीन असताना बाबांनी ही गाडी किती पुसली असेल, ते त्यातून कळायचं.

मे महिन्यातल्या प्रदर्शनाला देशभरातले क्लब आले होते. टेबलांमागे टेबलं, त्यांवर विमानं, युद्धनौका, यंत्रमानव. उमेहारांच्या क्लबाच्या टेबलावर रणगाड्यांच्या शेजारी तीनचाकी उभी होती. या प्रदर्शनात बक्षिसं नसतात. माणसं थांबतात की पुढे जातात, एवढंच बघायचं. माणसं थांबत होती. ओसाकाचा एक गृहस्थ गुडघ्यांवर बसून खालून बघत होता.

"डाव्या दाराला हा रंग का उडालाय?" त्याने विचारलं. "ओल साठायची जागा नाही ही."

तात्सुओने तोंड उघडलं आणि मग बायकोकडे पाहिलं.

"तिथे माझी आई बसायची," फुसाए म्हणाली. "वळणांना घाबरायची ती."

गृहस्थाने मान हलवली आणि फोटो काढायची परवानगी मागितली.

दुपारी यासुनोरी बसने आला. मळ्यातली पहिली तोडणी चालू असताना तो गाव सोडून आला, हेच मोठं होतं. हात मागे बांधून त्याने टेबलाभोवती दोन चकरा मारल्या. दोन्ही दारांकडे वाकून पाहिलं. मग म्हणाला, "टायर फारच नवीन वाटतात. बाबांचे टायर असे कधी होते?"

"ते यांचं काम," फुसाएने नवऱ्याकडे बोट दाखवलं.

"दाजी, टक्कल पडू द्या त्यांना जरा," यासुनोरी म्हणाला. तात्सुओने तिथल्या तिथे बारीक कागद काढून टायर घासायला घेतले. सुगियामा शेजारी उभा राहून सूचना देत होता, त्या कुणी मागितल्या नव्हत्या.

त्याच वेळी टेबलाच्या कोपऱ्याशी एक बाई दोन जड पिशव्या धरून उभी होती. फुसाएने तिला खुर्ची दिली.

"मी नुसती पिशव्या धरायला येते," बाई म्हणाली. हामामात्सूची होती ती. "आमचे हे तिकडे विमानांत हरवलेत. या बायका तुम्ही केल्यात?"

"हो."

"मी पूर्वी किमोनो शिवायचे. आता डोळे लवकर थकतात." तिने पोत्यांवरच्या बाईच्या बाहीकडे निरखून पाहिलं. "ही शिवण उलट्या बाजूला आलीय बरं का."

फुसाएने भिंग काढलं. बाई म्हणत होती ते खरं होतं. मग दोघी त्या बाहीवर वाकल्या. शिवण कुठून कुठे जायला हवी ते हामामात्सूच्या बाईने नखाने हवेत काढून दाखवलं, आणि फुसाएने पिशवीतून कुंचला काढून तिच्या हातात दिला.

"मी?" बाई म्हणाली. "अहो, प्रदर्शनात ठेवलेली वस्तू आहे ही."

"माझीच आहे. करा तुम्ही. मी भिंग धरते."