आधी नाव सांगा
आज तीन जानेवारी. तुरीच्या हिरव्या शेंगा सोलायला बसले आणि ओल्या सालींच्या वासानं काही वर्षांपूर्वीची एक दुपार आठवली. सासूबाईंना स्मृतिभ्रंश झाला होता, महिनाभर त्या जवळजवळ बोलतच नव्हत्या, आणि पुंडलिकनगरच्या आमच्या घरी येणारा प्रत्येक पाहुणा त्यांची परीक्षा घ्यायचा. त्या दिवशी पैठणहून नणंद आली आणि चप्पल काढता काढताच म्हणाली, "आई, वळखलं का? सांग बरं मी कोण?" सासूबाई पदराचं टोक चावत भिंतीकडं वळल्या. "संपलं वैनी, हिच्यात आता काय बी राहिलं नाय." मी म्हणाले, "हळू बोला, त्यांना ऐकू येतं. आणि या घरात परीक्षा बंद. डॉक्टरीणबाईंनी सांगितलंय, विचारायचं नाही, आपणच सांगायचं, आणि हाताला सवयीचं काम द्यायचं." "लई शहाण्या झालात!" म्हणत ती बसली खरी. मी शेंगांनी भरलेलं सूप दोघींच्या मध्ये सरकवलं. "आई, तुमची लेक आलीय पैठणहून. तिला शेंगा सोलू लागा." दोघी शेंगा सोलू लागल्या, आणि मग सासूबाई कडाडल्या, "किडका दाणा टाकतीस व्हय गं त्यात? ध्यान कुठं हाय तुझं?" नणंद हसली की रडली ते मी बघितलं नाही, मला चहा टाकायचा होता. दुसऱ्या दिवशी सकाळी मंडईतून मोठी पिशवी भरून शेंगा आणल्या आणि त्यांची टोपली दारातच मांडली. जो येईल त्यानं आधी आपलं नाव सांगायचं, मग सोलायला बसायचं.