ती नंतर आली नाही

"हात वर धर तिचा. अजून वर. मागच्यांना दिसत नाहीये."

सर मला सांगत होते. मी आईचा डावा हात कोपराखाली धरून वर केला. समोर साठ-सत्तर डॉक्टर बसलेले. ठाण्याच्या एका हॉस्पिटलचा तिसऱ्या मजल्यावरचा हॉल. एसी चालू, प्रत्येकापुढे पाण्याची बाटली. आईला स्टुलावर बसवलेलं. सर हातातल्या पेनाने तिच्या हातावरची एकेक गाठ दाखवत होते. बोटावरची, मग मनगटाजवळची, मग कोपराकडे गेलेली रांग. पेन लावायचे आणि दाबायचे.

पहिल्या रांगेतल्या एका बाईंनी नाकाला रुमाल लावला. सर हसून इंग्रजीत म्हणाले, "माफ करा, पेशंटबरोबर तिचा धंदाही आत आलाय." अख्खा हॉल हसला.

आईने हळूच विचारलं, "कला हसतान गो ते?"

का हसतात ते न सांगता मी म्हटलं, "काही नाही. तू हात हलवू नकोस."

मी तेव्हा एकोणीस वर्षांची होते, कॉलेजात सायन्सला. इंग्रजी मला कळत होतं. तो विनोद मला कळला होता. आणि मला सरांचा राग आला नाही, आईच्या वासाची लाज वाटली. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचताना मला कोणी शूर समजणार नाही.

आई मासळी विकते. खाडीकाठचा आमचा कोळीवाडा, आता चारी बाजूंनी टॉवर उभे राहिलेत. मासा डाव्या हातात धरायचा, कोयता उजव्या. शिंगाळा साफ करताना त्याचा काटा तिच्या डाव्या तर्जनीत गेला. शिंगाळ्याचा काटा आमच्यात कोणाला लागत नाही? तिने हळद लावली आणि कामाला लागली. महिन्याभराने तिथे गाठ आली, मग तिच्या वर दुसरी, मग तिसरी. नाक्यावरच्या डॉक्टरने मलमं दिली. शेवटी मी तिला ठाण्याला नेलं.

तिथल्या ज्युनिअर डॉक्टरने हात बघितला आणि पळत जाऊन सरांना घेऊन आला. सरांचा चेहरा खुलला. एवढ्या आनंदाने आईच्या हाताकडे कधी कोणी बघितलं नव्हतं. त्यांनी गाठीतला तुकडा तपासायला पाठवला. पाण्यातला जंतू निघाला, टीबीच्या जातीतला. सर मला म्हणाले, "गोळ्यांनी पूर्ण बरं होतं. सहा महिने घ्याव्या लागतील."

मग ते ज्युनिअरकडे वळले आणि इंग्रजीत म्हणाले, "आत्ता सुरू करू नकोस. मीटिंग तीन आठवड्यांनी आहे. गाठी बसून गेल्या तर दाखवायचं काय?"

मी समोरच उभी होते. त्यांना वाटलं असेल, हिला काय कळतंय. मला सगळं कळलं. आईने विचारलं, काय बोलले? मी सांगितलं, तीन आठवडे थांबायचंय, खूप मोठे डॉक्टर तुझा हात बघणार आहेत. आईला कोण अभिमान वाटला. गल्लीत सांगत फिरली.

मीटिंगच्या दिवशी तिने चांगलं लुगडं नेसलं, वेणी माळली. वास येऊ नये म्हणून हाताला लिंबू चोळलं. गाठी फुटलेल्या होत्या. लिंबू चोळताना तिच्या डोळ्यांतून पाणी आलं, पण चोळतच राहिली.

हॉलमध्ये नेण्याआधी फोटो काढायचे होते. ज्युनिअर म्हणाला, "बांगड्या काढा." हिरव्या काचेच्या, सहा. हात सुजलेला, निघेनात. साबण लावला, तरी नाही. आमच्या कोळणी डाव्याच हातात बांगड्या घालतात. उजव्या हातातल्या लग्नातच खाडीला देतात, नवऱ्याच्या जिवासाठी. खाडीने त्याला सांभाळावं म्हणून. म्हणजे आईकडे होत्या त्या एवढ्याच. ती म्हणाली, "र्‍हाऊंदे ना डागतर. मालक हाय माजा." ज्युनिअरने मला विचारलं, काय म्हणतायत? मी म्हटलं, काही नाही. त्याने स्टीलचा चिमटा उचलला आणि एकेक बांगडी फोडली.

आमच्याकडे बांगडी फुटली असं म्हणतसुद्धा नाहीत, वाढवली म्हणतात. आई खाली वाकून काचा वेचत होती, पदरात बांधत होती. "नव्या भरा हो मावशी," ज्युनिअर म्हणाला. तो वाईट माणूस नव्हता. त्याला घाई होती.

मग एक कागद आला. पूर्ण इंग्रजी. फोटो काढायला, छापायला पेशंटची परवानगी आहे, असा. आईने अंगठा लावला. खाली साक्षीदाराची सही लागते. ती मी केली.

मीटिंग झाली. टाळ्या झाल्या, सरांसाठी. आम्हाला सांगितलं, पुढच्या मंगळवारी या, गोळ्या सुरू करू.

पहिल्या मंगळवारी सर परगावी होते. दुसऱ्या मंगळवारी सर होते, पण पेशंट फार होते. तिसऱ्या मंगळवारी तिथे दारावर काम करणारी मावशी म्हणाली, "बाहेरच्या बाकावर बसा, आत लोकांना वास येतो." आम्ही बाहेर बसलो. सर आमच्या समोरून जेवायला गेले आणि समोरूनच परत आले. चौथ्या मंगळवारी आईचं बोट काळं पडायला लागलं होतं. "बाय, मना आत घेतील ना गो आज?" ती दर वेळी विचारायची. पाचव्या मंगळवारी ज्युनिअर बाहेर आला. म्हणाला, "सरांचं काम झालंय या केसचं. तुम्ही तुमच्या जवळच्या सरकारी दवाखान्यात दाखवा." मी तपासणीचे कागद मागितले. तो म्हणाला, कागद रिसर्चच्या फाइलमध्ये गेले, ते देता येत नाहीत.

सरकारी दवाखान्यात पहिल्यापासून सगळं सुरू झालं. तोवर जंतू हाडात उतरला होता. डाव्या हाताची दोन बोटं काढली. तर्जनी आणि मधलं. या दोन बोटांतच मासा धरतात.

सहाव्या मंगळवारी आम्ही ठाण्याला गेलो नाही. हे लक्षात ठेवा.

मी शिकले. बीएस्सी झाले, वर क्लिनिकल रिसर्चचा डिप्लोमा केला. डोंबिवलीतल्या एका खासगी हॉस्पिटलात नोकरी लागली. नवीन औषधं पेशंटवर तपासतात, तिथे पेशंटच्या फाइली सांभाळायचं काम. रुजू झाले त्या दिवशी कळलं, या औषधांच्या अभ्यासाचे प्रमुख डॉक्टर म्हणजे तेच सर. केस पांढरे झालेले, आवाज तोच. त्यांनी मला ओळखलं नाही. मी ओळखलं आणि मूग गिळून बसले. नोकरी हवी होती. आधार कार्डावर कोळीवाडा होता म्हणून डब्यात कधी मासे नेले नाहीत. हेही सांगून टाकते.

आमच्या कामात एक शब्द आहे, लॉस्ट टू फॉलो-अप. म्हणजे पेशंट नंतर आलाच नाही, सापडत नाही. असं लिहिण्याआधी पेशंटला तीन फोन करायचे आणि तिन्हींची तारीख-वेळ फाइलमध्ये टाकायची, असा नियम. सर म्हणायचे, "तीन कॉल टाका आणि बंद करा." टाका. 'कॉल करा' नाही. मी टाकायचे. सकाळी साडेदहा, दुपारी बारा, संध्याकाळी चार. फोन हातातसुद्धा घेतलेला नसायचा. अशा आठ फाइली माझ्या अक्षरात आहेत. दिव्याची माणसं, टिटवाळ्याची, विठ्ठलवाडीची. ती खरंच आली नाहीत की त्यांना कोणी बाहेरच्या बाकावरून घालवून दिलं, हे मी विचारलं नाही.

गेल्या वर्षी अभ्यासाची तपासणी होणार होती. त्यासाठी सरांचा बायोडेटा नवीन करायचा होता, त्यांच्या सगळ्या छापील लेखांची यादी जोडून. मी संगणकावर एकेक लेख उघडून नाव-पान टिपत होते. एक उघडला. ठाण्याच्या खाडीकाठची मासे विकणारी बाई, वय पंचेचाळीस, डावा हात.

फोटोत चेहरा नव्हता. फक्त हात. मनगटावर बांगड्यांचे फिकट वळ, नुकत्याच फोडलेल्या. त्यांच्या वर गोंदलेलं माझ्या बापाचं नाव, अर्धं कापलेलं. कोपराखाली दोन बोटं दिसत होती, फोटोपुरता हात धरून ठेवणारी. ती माझी होती.

लेख चार पानांचा. शेवटचं वाक्य असं: उपचारांचा सल्ला देण्यात आला, मात्र पेशंट नंतर आली नाही.

मी लेख बंद केला. मग यादी पूर्ण केली. त्या लेखाचंही नाव टाकलं, नीट, पान क्रमांकासह. इतकी मी त्यांची झाले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मोरे काका आले. दिव्याचे, रिटायर्ड वॉचमन. आमच्याकडे मधुमेहाच्या जखमेवरचं एक नवीन मलम तपासत होते, त्यात काका होते. फाइलमध्ये त्यांना नाव नव्हतं, नंबर होता, सतरा. काकांचा पाय मलमाने चिघळला होता. अंगठा काळा, घाण वास. "पोरी, ठणका सहन नाय होत गं," ते म्हणाले. मी त्यांना बाहेर बाकावर बसवलं आणि केबिनमध्ये गेले.

सरांनी मान वर न करता ऐकलं. म्हणाले, "परवा तपासणी आहे. आत्ता हे लिहिलं तर अख्खा अभ्यास अडकेल. सतराला लॉस्ट करा. तीन कॉल टाका."

"सर, ते बाहेर बसलेत."

"मग तुम्ही त्यांना बघितलं नाही."

काकांच्या पायाचा वास माझ्या नाकात होता. काळं पडायला लागलेल्या बोटाचा वास कसा असतो, हे मला कोणी शिकवायला नको होतं.

मी म्हटलं, "बघितलंय."

आता त्यांनी मान वर केली. मी म्हटलं, "माझ्या आईलाही तुम्ही असंच लॉस्ट केलंत. ती पाच मंगळवार तुमच्या दारात बसली होती. हॉलमध्ये तो हात मीच वर धरला होता, सर."

त्यांनी खरोखर आठवून बघितलं. कपाळाला आठी घालून. मग विचारलं, "कुठला हात?"

ते नाटक करत नव्हते. त्यांना आठवतच नव्हता. त्या क्षणी माझ्या मनातली त्यांची भीती गेली, सोबत आदरही गेला.

मी बाहेर आले, काकांना व्हीलचेअरवर घातलं आणि वरच्या मजल्यावरच्या दुसऱ्या सर्जनकडे नेलं. त्यांनी लगेच दाखल करून घेतलं. काकांचा अंगठा गेला, पाय राहिला. खाली येऊन मी सतराची फाइल उघडली. लिहिलं: पेशंट आज सकाळी साडेनऊला स्वतः हजर. मलमानंतर जखम वाढलेली. प्रमुख डॉक्टरांना सांगितलं. त्यांनी बघायला नकार दिला. खाली तारीख, वेळ, सही.

मग त्या आठ फाइली काढल्या. आमच्याकडे खाडाखोड चालत नाही. चूक झाली तर तिच्यावर एकच रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे, आणि बाजूला कारण लिहून सही करायची. मी चोवीस फोनांवर रेघा मारल्या. प्रत्येकीपुढे लिहिलं: हा फोन मी केला नव्हता. सगळ्याच्या प्रती काढून पेशंटच्या हितासाठी जी समिती असते तिच्याकडे पाठवल्या.

संध्याकाळी मला काढलं. सरांनी माझ्यासमोरच कोणाला तरी फोनवर सांगितलं, "या लोकांना खुर्ची दिली की हे असं होतं." चौकशी चालू आहे. त्यात मीही आरोपी आहे. असायलाच पाहिजे. मला दुसरी नोकरी कोणी देत नाही. आठांपैकी तिघांची घरं मी शोधून काढली. एक काकू वारलेल्या. त्यांच्या सुनेने माझ्या तोंडावर दार लावलं. बरोबर केलं.

आईला सगळं सांगितलं. लेख छापणाऱ्यांना पत्र लिहितेय, हेही. ती उजव्या हाताने करंदी, म्हणजे बारीक कोळंबी, सोलत होती, डाव्या हाताच्या तीन बोटांनी ताट दाबून धरलेलं.

"मंग आथा बोटं येतील काय गो?"

"नाही."

"मंग कला लिवतंस?"

मी म्हटलं, "तू दर मंगळवारी गेली होतीस म्हणून."

तिने ताट माझ्याकडे सरकवलं. म्हणाली, "नुसती बसू नको. सोल."

ज्या मासिकात तो लेख छापला, त्यांना मी पत्र पाठवलं. उत्तर आलं नाही. दुसरं पाठवलं. तिसरं आज पाठवतेय. हा फोन नाही, नुसता टाकायला. खरोखर पाठवतेय, आणि ते वाक्य खोडेपर्यंत पाठवत राहणार. खोडतानाही एकच रेघ मारा म्हणून लिहिलंय, खालचं खोटं वाचता आलं पाहिजे. त्या परवानगीच्या कागदावर साक्षीदार म्हणून माझी सही आहे. तेव्हा मी तोंड उघडलं नव्हतं. पत्राची पहिली ओळ अशी आहे: ती आली होती. पाचही मंगळवार. मी तिच्या शेजारी बसले होते.