मोकळं टोक

काकासाहेबांनी वीज खात्यात तीस वर्षं लाइनमनकी केली. तीस वर्षांत आपल्या हातून वायरचं एक टोक मोकळं राहिलं नाय, हे ते पाहुण्याच्या हातात चहाचा कप पडायच्या आधी सांगायचे. मोकळ्या टोकानं माणूस जातो, म्हणायचे. बरोबरच होतं ते. खांबावर.

रिटायर झाल्यावर हर्सूलच्या घरात त्यांनी नेटचं जाळं टाकलं. हॉलमध्ये मुख्य डबा, तिथून मुलगा गोकुळ आणि मुलगी संस्कृती यांच्या कॉम्प्युटरला वायरी. तिसरी वायर सून अमृताच्या खोलीत, टेबलामागच्या, नेट पुढं वाटणाऱ्या छोट्या डब्यात. त्या डब्याला एक जास्तीची वायरही होती, भंगारात गेलेल्या प्रिंटरची. अमृता पुण्याच्या एका ऑफिसचं काम घरून करायची. तीन महिने बघू, मग पक्कं करू, असं ऑफिसनं सांगितलेलं. अडीच महिने झाले होते. लग्नाच्या आधीपासून पोरीला या नोकरीची आस.

खंडेनवमीला त्या घरात पक्कड-टेस्टरची पूजा व्हायचीच. यंदा काकासाहेबांनी कॉम्प्युटर, डबे, सगळं सोडवून पाटावर मांडलं. हळद-कुंकू, झेंडू, नारळ. अमृताचे आईवडील खुलताबादहून दसऱ्यापर्यंत राहायला आलेले. पूजा झाल्यावर काकासाहेबांनी सगळं परत एकट्यानं जोडलं.

दसऱ्याला अमृताला सुट्टी नव्हती. तिनं टेबलाजवळच्या बोर्डाचं बटण दाबून लॅपटॉप लावला, आणि दोन मिनिटांत घरभराचं नेट बसलं. बंद केलं की चालू. लावलं की बंद.

"मामा, मागच्या वायरी बघू का जरा?" ती सासऱ्यांना म्हणाली.

"पूजा केलेल्या जोडणीला हात लावायचा नाय! तीस वर्षं काय गवत उपटलं का म्या?" आणि तेवढ्यावर थांबले असते तरी चाललं असतं. पण जिभेला हाड नव्हतं. पुरणपोळी खाणाऱ्या व्याह्यांकडं बघून ते हसत हसत म्हणाले, "हिचं मशीन चालू झालं की घर बसतं. पायगुण म्हणतात तो हाच."

व्याह्यांनी मान खाली घातली. अमृता आत गेली.

मग आठवडाभर काकासाहेबांनी काय काय केलं! हॉलमधली वायर बदलली, नेटवाल्या माणसाला दोनदा बोलावलं. तो म्हणाला, लाइन एकदम ठीक आहे. म्हणजे दोष लॅपटॉपचाच, असं ह्यांनी ठरवूनही टाकलं. अमृतानं चौथ्या दिवशी लॅपटॉप उचलला आणि माहेर गाठलं. तिथं मोबाइलच्या नेटवर काम करायचं, रेंज मिळंल तिथं.

शनिवारी काकासाहेब तिच्या खोलीत गेले, मोबाइल चार्जिंगला लावला आणि बोर्डाचं बटण दाबलं. दोन मिनिटांत हॉलमधून संस्कृती ओरडली, "पप्पा, नेट गेलं!"

काकासाहेबांनी बटणाकडं बघितलं. लॅपटॉप तर खुलताबादला होता.

त्यांनी टेबल सरकवलं, छोटा डबा बाहेर ओढला. प्रिंटरची वायर, दोन्ही टोकं त्याच डब्यात. टोकांवर हळद, त्यांच्याच बोटांची. पूजेनंतर एक टोक लोंबताना दिसलं आणि सवयीनं त्यांनीच ते रिकाम्या भोकात खोचलं होतं. बोर्डाचं बटण दाबलं की हा डबाही चालू व्हायचा; मग तो जे पाठवायचा ते फिरून त्याच्याकडंच यायचं, आणि त्या गोंधळात सगळं घर अडकायचं. त्यांनी वायर उपसली.

"आलं! काय केलं हो पप्पा?"

"काय नाय. ढिलं होतं जरासं," ते म्हणाले, आणि मोरीत जाऊन तोंड धुतलं. खोटंही किती पटकन सुचलं, याची त्यांना आणखी लाज वाटली. मग अमृताला फोन लावला. "नेट सुरू झालं गं. ये."

"बरं झालं मामा," ती म्हणाली. "पण आज सकाळीच ऑफिसवाल्यांनी मला नको म्हटलं. काम सारखं तुटतं म्हणून."

त्यांनी फोन ठेवला. दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं खुलताबादला गेले. ज्यांच्यासमोर शब्द गेला होता त्यांच्यासमोरच तो परत घ्यायचा होता. ओट्यावर चहा आला, तो तसाच ठेवून त्यांनी खिशातून वायर काढली आणि व्याह्यांच्या पुढ्यात ठेवली.

"हा घ्या पायगुण. माझ्या हातचा. पोरीचा काही दोष नव्हता."

"जाऊ द्या हो, होतं माणसाकडून," व्याही म्हणाले. त्यापेक्षा चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. काकासाहेबांची मान वर होईना.

अमृतानं वायर उचलली, नीट गुंडाळली. हळद अजून होती तिच्यावर.

"माफ कर गं," ते म्हणाले.

"केलं मामा. मी येते उद्या घरी. पण ही वायर माझ्याजवळ राहू द्या," ती म्हणाली. "परत कुणी पायगुण काढला, तर दाखवायला होईल."