राखेतला उजवा पाय

माझ्या पायाला कमान नाही. ओल्या पायानं फरशीवर चालले की अख्खा तळवा उमटतो, टाचेपासून बोटांपर्यंत सलग, भाकर थापल्यासारखा. शाळेत पोरी म्हणायच्या, बदक आलं. मीही एकेकीला धरून बदडायचे, मग गप्प व्हायच्या.

हे पाय बाबांचे. देवानं वाटणी करताना मायचं गोरं अंग ठेवून घेतलं आणि मला नेमके बाबांचे पाय दिले. घरात आम्ही दोघं अनवाणी चाललो की आवाज एकच यायचा, थप थप, थप थप. माय चुलीपासूनच विचारायची, "कोण व्हय, बाप का लेक?"

बाबा एका सकाळी उठून गेले. वलगावच्या अंगाला आमचं शेत, आणि ती वर्षं कपाशीची फार वाईट होती. आज या गावात, उद्या त्या गावात, कोणी ना कोणी जीव दिल्याचं कानावर यायचं. लोक कामं करायचे, पण आवाज बारीक करून बोलायचे. बाबा कोणाशी भांडले नाहीत, काही बोलले नाहीत. चपला दारातच राहिल्या होत्या. रात्री पाऊस शिंतडून गेला होता, म्हणून अंगणापासून पांदणीच्या वाटेनं काळ्या मातीत त्यांची पावलं स्वच्छ दिसत होती. मी आणि माय त्या पावलांच्या मागं चालत गेलो. डांबरी सडक आली आणि पावलं संपली.

विहिरी पाहिल्या, दवाखाने पाहिले, पोलिसात सांगितलं. माणूस जिवंत असल्याचं कळलं नाही आणि गेल्याचंही नाही. माय कुंकू लावत राहिली. संध्याकाळी त्यांचं ताट वाढायची, सकाळी ते गाईला घालायची. पितृपक्षात मात्र तिची तगमग पाहवत नसे. क्रियाकर्म करणारे महाराज म्हणाले, बेपत्ता माणसाची बारा वर्षं वाट पाहायची, तोवर पाणी देता येत नाही. माय म्हणाली, "जिता असन त येईन. पण मेला असन, त बारा वर्स उपाशीच फिरन का तो?"

त्यात माझे पाय. मी कामावरून आले, सँडल काढून आत गेले, की थप थप ऐकून माय झटकन मान वर करायची. मला पाहिलं की हसायची, "अवो, तू व्हय." रोज. तीन वर्षं रोज. तिच्या चेहऱ्यावरचा तो एक क्षण मला नको नको व्हायचा. मग मी घरात चोरासारखी टाचा उचलून चालायला लागले, आणि आधीच दुखणारे पाय आणखी दुखायला लागले.

मी तेव्हा नांदगाव पेठच्या एका कापडाच्या कारखान्यात होते. आठ तास सिमेंटच्या जमिनीवर उभं राहायचं. सकाळी पलंगावरून पहिलं पाऊल खाली टेकलं की टाचेत खिळा घुसल्यासारखं व्हायचं. सुपरवायझर म्हणाला, बसून करायचं काम नाही इथं, जमत नसेल तर सांगा. तळपायाची आग मस्तकात म्हणतात ना, ती मी दोन्ही अर्थांनी भोगली.

अमरावतीच्या बाजारातून आधी स्पंजचे सोल आणले. काय मऊ! गादीवर चालल्यासारखं वाटलं, आणि आठ दिवसांत ते पापड झाले. मग औषधाच्या दुकानातून थलथलीत जेलचे आणले. त्यांत टाच सुखावली, पण पाऊल पहिल्यापेक्षा जास्त आत कलायला लागलं आणि गुडघा धरला. तिसरे कडक प्लॅस्टिकचे, त्यांचा उंचवटा कोणा दुसऱ्याच पायाचा होता, माझ्या पायाला फोड आले. शिंगरू मेलं हेलपाट्यानं, तशी माझी गत. शेवटी मशीनवरच्या एका बाईनं सांगितलं, अकोल्याला एक म्हातारे मियाँभाई आहेत, पोलिओच्या पोरांचे बूट करतात, त्यांच्याकडे जा.

सुट्टीच्या दिवशी मी अकोल्याची एस.टी. धरली. अर्धी वाट उभ्यानंच गेले. चाचांचं दुकान म्हणजे एका गल्लीतली लांबट खोली, चामड्याचा आणि सरसाचा वास, आणि भिंतीला लाकडी पावलं टांगलेली. लहान, मोठी, एखादं वाकडं. दारातून वारा आला की ती एकमेकांवर टकटक वाजायची, कोणी वरच्या माळ्यावर चालल्यासारखी. मला ते काही बरं वाटलं नाही.

चाचांनी आधी माझी जुनी सँडल हातात घेतली. तळ उलटा करून पाहिला. आतल्या बाजूनं झिजलेला.

"असे झिजवणारा घरात आणखी कोणी आहे?"

"बाबा," मी म्हणाले. होते की आहेत, ते मला सांगता येईना, म्हणून तिथंच थांबले.

मी आणलेले तिन्ही सोल त्यांनी अंगठ्यानं दाबून पाहिले आणि बाजूला टाकले. "बेटा, नरम म्हणजे आराम नाही. नरम म्हणजे धोका. माझा अंगठा आत घुसला तर तुझं वजन कोण उचलणार? इथं मधे आधार पाहिजे, टाचेला वाटीसारखी जागा पाहिजे. आणि कमान मी देणार नाही, ती अल्लानं नाही दिली. मी फक्त टेकू देतो."

मग माप. म्हणाले, आत्ता तुझा पाय सुजलेला आहे, संध्याकाळचा पाय मोठा असतो. सकाळचं पहिलं पाऊल पाहिजे, तेच दुखतं ना? चुलीची राख चाळून घे, परातीत दोन बोटं जाड पसर, उठल्याबरोबर त्यात पाय दे. कागद लांबी सांगतो, राख वजन सांगते. कुठं किती दबली ते आगकाडीनं मोजून लिहून आण. एका सकाळी उजवा, दुसऱ्या सकाळी डावा.

"आणि वर टोपलं झाक," ते म्हणाले. "वारा लागला तर माप गेलं."

माझ्या अंगावर सरसरून काटा आला. चाचांना ठाऊक नव्हतं. आमच्याकडे माणूस गेलं की सुतकाच्या दिवसांमधल्या एका रात्री घरात राख नाही तर पीठ पसरतात, जवळ दिवा लावतात आणि वर टोपलं झाकतात. सकाळी टोपलं उचलून पाहायचं, कोणाचं पाऊल उमटलं. पाखराचं उमटलं तर पाखराच्या जन्माला गेला, माणसाचं उमटलं तर माणसाच्या. जित्या माणसानं त्या राखेत पाय द्यायचा नसतो. पण मी कारखान्यात काम करणारी शहाणी बाई! म्हटलं, जाऊ दे, माप ते माप.

सोमवारी सकाळी माय मागच्या अंगणात बंब पेटवत होती. मी मधल्या खोलीत परात ठेवली आणि राखेत उजवा पाय दिला. राख गार होती. पाय उचलला तर खाली बाबा उमटले होते. खरंच सांगते, दुसरं काही मनात आलंच नाही. तोच पांदणीतला सलग ठसा. तेवढ्यात सडकेवर कंपनीच्या बसचा भोंगा वाजला. आगकाडी राहिली, मोजणं राहिलं. वर टोपलं झाकलं आणि पळाले.

संध्याकाळी परत आले तर अंगणात बाया बसलेल्या. मला पाहून त्यांनी वाट दिली. मी सँडल काढली, आत गेले, थप थप, आणि मायनं मान वर केली नाही.

ती परातीपाशी बसली होती. टोपलं बाजूला काढलेलं, दिवा लावलेला. तिचं कपाळ मोकळं होतं. कुंकवाच्या जागी नुसता फिकट गोल डाग.

"आले व्हते तुये बाबा," शेजारची काकू माझ्या कानाशी म्हणाली. "पाऊल ठेवून गेले. सुटली बाई तुयी माय."

माझं डोकंच फिरलं. "अवो काय बोलून राहिल्या तुमी! माया पाय हाय तो! मीच ठेवला सकाळी, सोलाच्या मापासाठी!"

एक बाई म्हणाली, "पोरी, इतका मोठा पाय तुया?"

मी सगळ्यांदेखत पाय राखेवर धरला. टाचेला टाच लावली. अंगठ्याच्या पुढं चांगली पेरभर राख दबलेली राहिली. दिवसभर उभी राहून माझा पाय सुजलेला होता. संध्याकाळचा पाय मोठा असतो, चाचांनीच सांगितलं होतं. मग सकाळचं पाऊल त्याहून मोठं कसं? मी मायकडे पाहिलं. ती दिव्याकडे पाहत होती. बायांपैकी कोणीतरी हात जोडले, आणि मी पाय उचलून घेतला.

खूण मिळाली म्हटल्यावर महाराजही बारा वर्षांचं काही बोलले नाहीत. रविवारी ती राख फडक्यात बांधून आम्ही कौंडण्यपूरला नेली. वर्धा नदीला पाणी बेतानंच होतं. पिंड ठेवला आणि आम्ही चार पावलं मागं सरलो. कावळा वाट पाहत बसल्यासारखा समोरच्या दगडावरून उतरला आणि लगेच शिवला. बरोबर आलेले शेजारचे काका म्हणाले, पाहा, काही इच्छा राहिली नव्हती. मला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं, पण भीती वाटली. माझ्या पायाच्या राखेवर कोणाचा पिंड खाल्ला यानं?

परतताना घाटाच्या पायऱ्यांवर माझी टाच इतकी ठणकली की मी खालीच बसले. माय माझ्याजवळ बसली. माझा उजवा पाय तिनं मांडीवर घेतला आणि दाबायला लागली. आजूबाजूला कोणी नव्हतं.

"म्या पाह्यलं व्हतं तुले," ती म्हणाली. "राखेत पाय देतानी. दारातूनच."

मी पाय मागं घ्यायला गेले, तिनं सोडला नाही.

"तू गेल्यावर टोपलं उचललं. लय येळ पाह्यलं. मंग पुढून जरासा वाढवला बोटानं. त्याईचा पाय तुयाहून एवढा मोठा व्हता." तिनं बोटाचं पेर दाखवलं. "कमीजास्त नाई झाला. मले माप ठाऊक हाय."

"काऊन केलं पण, माय?"

"पाणी कोन देनार व्हतं त्याले? अन किती दिस मान वर करू मी? मान दुखते ना आता."

एवढं बोलून ती माझा पाय दाबत राहिली. मी तिच्या खांद्यावर डोकं टेकून रडले. ती रडली नाही.

पुढच्या सुट्टीला रिकाम्या हातानं अकोल्याला गेले आणि चाचांना सगळं सांगितलं. त्यांनी दोन्ही कान धरले. "माफ कर बेटा, मला मालूम नव्हतं." त्यांनी चाळलेल्या रेतीत माप घेतलं. चामड्याचे, आत बुचाचा टेकू दिलेले सोल करून दिले आणि सँडल सोडून बूट घ्यायला लावले. म्हणाले, पहिल्या दिवशी तासभर घाल, मग रोज थोडं वाढव, बुटातलं जुनं अस्तर आधी काढ, आणि फोड आला तर हट्ट करू नको, घेऊन ये. तसंच केलं. तीनेक आठवड्यांनी सकाळचा तो खिळा बोथट झाला. नोकरी टिकली.

घरी मात्र बूट दारातच काढावे लागतात. बाबांच्या चपला मायनं कोणाला तरी देऊन टाकल्या, त्या जागी आता माझे बूट असतात. मी आत जाते, थप थप, आणि माय भाजी चिरत राहते. तिनं ठरवलं आणि तिचं संपलं.

माझं कसं संपणार? पाय माझा होता, हे मला ठाऊक आहे. परवा संध्याकाळी मी घरातच बसले होते, माय शेजारी गेलेली. ओसरीवर अनवाणी पावलं वाजली, सपाट, सावकाश. कोण असेल, शेजारची काकू असेल. पण तिनं हाक मारायच्या आधी माझी मान वर झाली होती.