ताडपत्री सोडायची नाही

आमच्या गावाजवळच्या टेकडीवर देवीचं ठाणं आहे आणि टेकडीच्या पायथ्याशी, मालेगावच्या रस्त्याला लागून, माझी रोपवाटिका. सकाळी पाण्याचा पाइप हातात धरला की समोर देवी. तरी दोन वर्षं मी तिच्याकडे मान वर करून नीट पाहिलं नव्हतं. तिच्या पायऱ्यांच्या दोन्ही अंगांना लावलेली झाडं माझ्यामुळे मेली होती. ती वाळलेली काटकं पाहिली की हात जोडायची लाज वाटायची.

गावानं तेव्हा ठरवलं होतं की लहान रोपं लावायची नाहीत, शेळ्या ती ठेवत नाहीत. शेळीचं तोंड पोचणार नाही अशी उंच, तयार झाडं आणायची. तशी माझ्याकडे होत नाहीत, म्हणून मी पुण्याकडच्या एका मोठ्या रोपवाटिकेतून ट्रकभर मागवली. कडुनिंब, करंज, बेल, आणि पायऱ्यांलगत लावायला कण्हेर, तगर. ट्रक उघडाच आला. दीड दिवसाच्या वाटेत वाऱ्यानं पानं चुलीजवळ धरल्यासारखी करपली होती. मी खोडाला नख लावून पाहिलं, आतला हिरवेपणा गेलेला होता. तरी 'लागतील, लागतील' म्हणत मी ती लावून घेतली. पुढे महिनाभर गावातल्या बाया डोक्यावर हंडे घेऊन तो चढ चढल्या. झाडं कधीच मेली आहेत हे मला माहीत होतं आणि मी कुणाला बोललो नाही.

दोन वर्षांनी मीच म्हणालो, झाडं माझ्याकडून, खड्डे तेवढे गावानं खणावे. लोकांनी खणले. फक्त एक म्हातारबा फावडं टेकवून म्हणाले, "भाऊ, या टायमाले जित्ते आनजो." त्यांच्या मनात खोट नव्हती, पण ते वाक्य मला लागलं.

म्हणून या वेळी मी काही म्हणता काही नशिबावर सोडलं नाही. एकेका थराचा फोटो मागवला, वर जाड ताडपत्री घालून चारही बाजूंनी दोरानं आवळायला लावली आणि ड्रायव्हरला फोनवर तीनतीनदा बजावलं, "कोणी काही म्हणो, ताडपत्री सोडायची नाही. सोडायची वेळ आलीच तर आधी मला विचारायचं." तो पुण्याकडचाच, कमी बोलणारा माणूस. "बरं मालक," एवढंच म्हणाला. मग दर अर्ध्या तासाला माझा फोन सुरू झाला. मी एकीकडे देवीचं नाव घेत होतो आणि दुसरीकडे त्याचा नंबर लावत होतो.

दुसऱ्या दिवशी शुक्रवार होता. ट्रक तीनच्या सुमारास यायचा होता आणि त्याआधी दुपारी वर देवीला नैवेद्य, आरती असं गावानं ठरवलं होतं. आठ दिवसांपासून पावसानं उघडीप दिली होती आणि ऊन असं की वैशाख परत आला. निघताना मी नंबर लावतच होतो, तर बायकोनं फोन हातातून काढून घेतला आणि पिठाच्या डब्यावर ठेवला.

"अवो, देवीले हात जोडाले चालले का त्या डायवरले?"

मला राग आला. पण दारात गाव उभं होतं, म्हणून गिळला. आरतीत माझा हात खिशाकडे जात राहिला. मी देवीला म्हणालो, ट्रक वेळेवर आण आणि माझ्या मालाला कुणाचा हात लागू देऊ नको. मागणं कसलं, हुकूमच होता तो.

खाली उतरून घरी फोन पाहतो तर अकरा मिस्ड कॉल आणि एक मेसेज. केनवडजवळ गाडी बंद, क्लच गेला. मी उलट फोन लावला तर त्याचा बंद. एकच्या आधीपासून ट्रक उन्हात उभा होता आणि आता चार वाजत आले होते. मोटारसायकल काढली आणि वाटेभर मनातल्या मनात बायकोला बोललो, ड्रायव्हरला बोललो, आणि खरं सांगायचं तर देवीलाही बोललो. पुन्हा मेलेली झाडं घेऊन त्या टेकडीवर जायचं नाही, त्यापेक्षा रोपवाटिका बंद करायची, इथवर मी आलो होतो.

केनवडच्या पुढे रस्त्याकडेला ट्रक दिसला. ताडपत्री अर्धी फेकलेली, दोर कापलेला, मागचा भाग रिकामा. शेजारच्या भाजीच्या वावरात आंब्याखाली माझी झाडं उभी होती. एक साठीची बाई पाइपानं त्यांच्यावर पाणी मारत होती. मी ओरडलोच, "ताडपत्री कोनं सोडली? कोनाले इचारून सोडली?"

"मी सोडली," ती पाइप न थांबवता म्हणाली. "याले म्हनलं, बाबू, गाडी पळते तवर झाकनं बरोबर हाय, उभ्या गाडीत झाडं शिजतात. हा म्हने मालकाले इचारतो. इचार म्हनलं. थो फोन लावतच राह्यला. मंग मीच इळ्यानं दोर कापला."

ड्रायव्हर खाली मान घालून म्हणाला, "मी अर्धा तास अडवलं यांना, मालक. तुमचा शब्द होता."

उद्याच्या बाजाराची वांगी तोडायची सोडून त्या बाईनं मुलाला आणि सुनेला कामाला लावलं होतं. मुलगा फवारणीचा पंप आणायला निघाला तर तिनं थांबवलं, त्या पंपानं तणनाशक मारलं होतं. विहिरीवरून पाइप ओढून आणला तो तिनंच. केबिनकडची दहाबारा झाडं तेवढी त्यांच्या हाती लागली नव्हती. मी त्या ताडपत्रीखाली हात घातला. आत भाकरीच्या तव्यावर असावी तशी धग होती. फांदी धरली, तर सगळी पानं मुठीत आली.

बाईनं पाइप खाली ठेवला, लोटाभर पाणी दिलं आणि सहज विचारलं, "भाऊ, तुमी फोन उचलला असता त काय सांगतलं असतं याले?"

मला उत्तर देता आलं नाही. बांधावर बसलो आणि मला रडू आलं.

संध्याकाळी मिस्त्री आला, क्लच बसवला, झाडं पुन्हा चढवली. वांग्यांचं विचारलं, तर ती म्हणाली सकाळी तोडू. फक्त म्हणाली, "थे सुकेल दहाबारा इथंच राहू द्या." मी म्हणालो, मावशी, ती जगायची नाहीत. "नाई जगले त सरपन होईन," ती म्हणाली. पुढल्या पावसाळ्यात मी मुद्दाम गेलो, तेव्हा त्यातल्या एका करंजाला बुडातून फूट आली होती.

झाडं लावली त्या दिवशी मी म्हातारबांना मागच्या वेळचं सगळं सांगून टाकलं. ते म्हणाले, "आमाले का दिसत नोतं? बायायलेही मालूम होतं." मग पाणी कायले घातलं, मी विचारलं. "देवीच्या दारचं झाड होतं ना," ते म्हणाले आणि माती लोटायला लागले.

हे देवीनं केलं, माझ्या बायकोनं केलं की त्या मावशीच्या विळ्यानं, ते मला सांगता येणार नाही. मला इतकं कळतं की माझं मागणं देवीनं पुरं केलं असतं, तर झाडं मेली असती. आता पायऱ्या चढताना अंगावर कडुनिंबाची सावली येते. शुक्रवारी निघताना फोन मी स्वतःच पिठाच्या डब्यावर ठेवतो. वर गेलो की मागत काही नाही. त्या मावशीला जे उत्तर देता आलं नाही ते तेवढं देवीला सांगतो. माय, फोन उचलला असता तर मी 'ताडपत्री सोडायची नाही' असंच म्हणालो असतो.