रंगारीण खालाचा कच्चा रंग

खालाचा कुठल्याच रंगावर विश्वास नव्हता. दुकानदारानं गळ्याची शपथ घेऊन "पक्का रंग" म्हटलं तरी ती कापडाचं टोक थुंकीनं ओलं करायची आणि आपल्या पांढऱ्या ओढणीच्या टोकात दाबून धरायची. रंग कच्चा असला की ओढणीवर बोराएवढा ठिपका उठायचा. ते ठिपके ती मुद्दाम जपायची. ओढणी धुताना तेवढं टोक कोरडं ठेवायची. पुढच्या बाजारी त्याच दुकानदारानं पुन्हा तोंड उघडलं की ठिपक्यावर बोट ठेवून विचारायची, "हे तुझंच न्हवं का रं, मागल्या बाजारचं?" परंड्याच्या बाजारात ती लांबून दिसली की कापडवाले लाल थान आत सरकवायचे.

आमचं गाव सीना नदीच्या काठावरचं. अलीकडं मोगलाई, म्हणजे निजामाचा मुलूख, पलीकडं इंग्रजांचा. खाला, म्हणजे साऱ्या गावाची मावशी, गावाच्या खालच्या अंगाला एकटी राहायची. नवरा रंगारी होता. तो गेल्यावर रंगाचे रांजण तिनं बंद पडू दिले नाहीत. लुगडी रंगवायची आणि घरोघरच्या वाकळी शिवून द्यायची. मी लग्न होऊन आले तेव्हा मला सुईत दोरा ओवता येत होता, एवढंच. सासूबाईंनी मला तिच्या हवाली केलं. पहिल्याच दिवशी माझे टाके बघून ती म्हणाली, "पोरी, ह्या टाक्यातनं शेळी पळून जाईल." मला रडू आलं, तशी तिनं माझ्या हातावर गुळाचा खडा ठेवला आणि सगळे टाके उसवले.

"आधी पाण्याला दाखवायचं, मग सुईला." हे वाक्य मी दिवसातून दहादा ऐकायची. नवा तुकडा मीठ आणि तुरटीच्या गार पाण्यात बुडवून ठेवायचा, पाणी नितळ दिसेपर्यंत बदलायचं, मगच वाकळीला लावायचा. वाकळीत दहा घरच्या चिंध्या नांदतात. एक कच्ची निघाली की बाकी नऊ नासतात. आणि एवढं करूनही रंग उतरलाच तर? "डाग वल्ला हाय तवर धुवून काढ. एकदा वाळला की तो कापडाचा झाला. मग न्हाय निघत." तिच्या स्वतःच्या लुगड्यांचा मात्र तिला भारी तोरा होता. "माझं लुगडं फाटंल, पर रंग सोडणार न्हाय," म्हणायची, आणि ते सगळ्या गावाला कबूल होतं.

त्या वर्षी पलीकडचा मुलूख स्वतंत्र झाला आणि आम्ही मोगलाईतच राहिलो. माझे मालक चोरून नदी ओलांडायचे आणि निजामाविरुद्ध लढणाऱ्यांच्या पलीकडच्या छावणीत जायचे. पोळ्याच्या सुमारास ते कमरेला गुंडाळून एक तिरंगा घेऊन आले. म्हणाले, "लपव. हा सापडला तर मी परत दिसायचो नाही." ते खोटं नव्हतं. शेजारच्या गावचा एक मास्तर निजामाच्या पोलिसांनी नुसत्या एका कागदापायी नेला होता, त्याचं पुढं काय झालं ते त्याच्या बायकोलाही कळलं नव्हतं. सासूबाई सोनारीला काळभैरवाच्या दर्शनाला गेल्या होत्या. मी भर दुपारी कडी लावली आणि शिवायला घेतलेल्या नव्या वाकळीच्या मधल्या थरात तो तिरंगा पसरला. खाली-वर सासऱ्यांची जुनी पांढरी धोतरं होती. पाण्याला दाखवणं शक्यच नव्हतं. दाखवला असता तर वाळत कुठं घातला असता?

दुसऱ्या दिवशी खाला आली. एक कड शिवायची राहिली होती. तिनं वाकळ हाताखालून फिरवली, उघड्या कडेतून दोन बोटं आत घातली आणि उजेड बघायचं निमित्त करून माझ्याकडं पाठ करून दारात बसली.

"मधला थर पाण्याला दाखवलास?"

"दाखवला, खाला."

ती कड तिनं स्वतःच शिवली, एरवीपेक्षा दाट टाक्यांनी. उठताना म्हणाली, "ही वाकळ यंदा धुवू नको. कुनी काय बी म्हनू दे."

पण आमच्याकडं घट बसायच्या आधी घरातली चिंधीसुद्धा न धुतलेली राहत नाही. पितृपंधरवडा सरत आला की गावातल्या साऱ्या वाकळी नदीवर जातात. मी म्हणून पाहिलं, "आत्याबाई, ही नवी हाय, राहू द्या की." त्या म्हणाल्या, "नवी म्हून देवाला पारुशी चालंल व्हय?" आणि त्यांनी स्वतःच्या हातानं ती मोटेत बांधली. त्यांना आतलं काही ठाऊक नव्हतं. सांगावं तर त्यांच्या पोटात तीळ भिजत नसे. मी मोट डोक्यावर घेऊन त्यांच्या मागं चालले.

नदीवर बायकांची झुंबड होती. काठावरच्या चिंचेखाली ठाण्याचा जमादार दोन बंदूकवाले घेऊन बसला होता. पलीकडं जाणाऱ्या-येणाऱ्यावर त्यांची नजर असायची. सासूबाईंनी वाकळ पाण्यात बुडवली, दगडावर ओढली आणि धोपटणं हाणलं. तिसऱ्या घावाला धोतराच्या पांढऱ्यावर हिरवं पाणी फुटलं. मग वरच्या अंगाला केशरी. दोन सरळ पट्टे, मधे पांढरं.

"अगं बया, हे कसलं गं हिरवं?" सासूबाई मोठ्यानं म्हणाल्या. बायका माना वळवून बघायला लागल्या. जमादार चिंचेखालून उठला. तो उतार उतरत होता आणि मला फक्त त्याच्या बुटांखालची वाळू ऐकू येत होती. मला हलता येईना. मालक गेले, एवढंच डोक्यात होतं.

खाला चार दगड पलीकडं रंगवलेली लुगडी खळबळत होती. रांजणातून नुकतंच काढलेलं, अजून तुरटी न लावलेलं एक लाल लुगडं तिच्या घमेल्यात होतं. ते रंगाच्या पाण्यासकट तिनं आमच्या वाकळीवर ओतलं, वर चढली आणि दोन्ही पायांनी तुडवायला लागली. क्षणात सगळं लालभडक झालं. "या अल्ला! माझंच लुगडं उतरलं की वो!" ती छाती बडवून ओरडत होती. "हिरवं बी माझंच, लाल बी माझंच! पाटलीनबाई, तुमची वाकळ नासली. माझा रंग कच्चा!"

जमादारानं वाकळ काठीनं उचकटून पाहिली. लाल पाणी त्याच्या बुटावर उडालं. "बुढ्ढी, रंगारीण म्हणवतेस आणि रंग कच्चा?" म्हणून तो हसला. बायकाही हसल्या. सासूबाई तिला नाही नाही ते बोलल्या. ती मान खाली घालून ऐकत राहिली. ज्या बाईनं जन्मात कुणाचा कच्चा रंग खपवून घेतला नाही, तिनं गावादेखत आपलाच रंग कच्चा म्हणून घेतला, आणि मी शेजारी उभी राहून गप्प होते.

त्यानंतर तिचं काम आटलं. लुगडी परंड्याला रंगायला जाऊ लागली. पोरं तिच्या दारावरून "कच्ची खाला, कच्ची खाला" ओरडत पळायची. मालक तेव्हा पलीकडच्या छावणीतच मुक्कामाला होते. मी एकदा चोरून भाकरी घेऊन गेले आणि म्हणाले, "खाला, मी सगळ्यांना खरं सांगते." तिनं माझ्या तोंडावर हात ठेवला. "आत्ता न्हाय. तुझा मालक सुखरूप घरी येऊ दे, मग सांग."

वर्षानं हिंदुस्थानची फौज आली आणि निजामाची राजवट संपली. मालक सुखरूप घरी आले. वाकळ उसवून लाल डागांचा तो तिरंगा चावडीवर लागला, मालकांच्या गळ्यात हार पडले. मी म्हटलं, "आता खालाचं सांगा." ते म्हणाले, "दोन दिवस थांब, आत्ता हवा बरी नाही." मी थांबले. माझ्या आयुष्यातली सगळ्यात मोठी चूक ती. त्या दोन दिवसांत बाहेरून टोळकी आली, आणि त्यांना मुसलमानांची घरं दाखवणारे आमच्यातलेच होते. तिनं आमचं माणूस गावाच्या डोळ्यांदेखत झाकलं. तिला झाकायला आमच्या घरात एक वाकळ निघाली नाही.

मी गेले तेव्हा दार उघडं होतं. रांजण फुटले होते आणि अंगणभर लाल-निळा चिखल झाला होता. खाला नव्हती. ती सीना ओलांडून गेली म्हणणारे होते. काही जण काहीच बोलत नव्हते. दोरीवर तिची पांढरी ओढणी तेवढी राहिली होती.

पंधरा दिवसांनी घटाची धुणी निघाली. मी नदीवर, त्याच दगडावर उभी राहून मोठ्यानं सांगितलं, "खालाचा रंग पक्का होता. कच्चा होता तो आमचा." धोपटणी थोडी थांबली आणि मग परत सुरू झाली. सासूबाईंनी मला हाताला धरून खाली बसवलं.

ती ओढणी माझ्या पेटीत आहे. घरी आणली त्या दिवशी मी तिचं टोक उजेडात धरून पाहिलं. बाजारातल्या जुन्या ठिपक्यांच्या शेवटी दोन ठिपके शेजारी शेजारी होते, एक केशरी आणि एक हिरवा. माझ्या दारात पाठमोरी बसली होती तेव्हाच ते तिनं उठवले होते, आणि वर्षभर ती ते डोक्यावर घेऊन ठाण्यावरून ये-जा करत होती. अजूनही घट बसायच्या आधी सुना माझी पेटी उपसतात, घरातलं सगळं धुवायला नेतात. ती ओढणी मी आजवर पाण्याला दाखवलेली नाही.