डागकाकांचा बिनडागी संच

नव्याकोऱ्या नाण्यावर लोकांना आधी सिंह दिसतात. डागकाकांना आधी डाग दिसायचा. धंतोलीतल्या आमच्या इमारतीत ते तळमजल्यावर राहत, आणि त्यांचं खरं नाव पोस्टमनखेरीज कोणी वापरत नसे. टांकसाळीतून संग्राहकांसाठी नाण्यांचा नवा संच निघाला की काका तो मागवत, खिडकीपाशी बसून सुती हातमोजे चढवत आणि डोळ्याला भिंग लावून म्हणत, "नवं हाय म्हणून चांगलं हाय, असं तुले कोनं सांगतलं गा?" मी काहीच म्हटलेलं नसे.

उभा जन्म त्यांनी लकडगंजात सागवान विकलं. फळीतली गाठ गिऱ्हाइकाला स्वतःहून दाखवणारा हा अजब व्यापारी. दुकान बंद झालं, पण गाठ शोधायची खोड नाण्यांवर उतरली. आरशासारख्या पृष्ठभागावर केसाएवढा ओरखडा दिसो की चांदीवर दुधाचा थेंब सुकल्यासारखा डाग, संच परत! कुरियरवाला तर पार्सल देऊन दारातच थांबायचा. "पाहून घ्या काका, मंगच जातो. पुन्हा यावंच लागते."

त्यांच्या नादाने मीही एक संच घेतला, नाणं डबीतून काढून प्रेमाने कुरवाळलं आणि मिरवत त्यांच्याकडे नेलं.

"हा अंगठा कोनाचा?" काका भिंगातून म्हणाले.

"माझा."

"मंग रेशनच्या दुकानात लाव ना गा! नाण्यावर काहून लावला?"

तेव्हापासून त्यांच्या घरी मी हात खिशात ठेवूनच बसे. पोहे आले की पंचाईत व्हायची.

पुढे काकांना मोतीबिंदू निघाला आणि अख्ख्या इमारतीला साक्षात्कार झाला, की डाग नाण्यांत नव्हतेच, काकांच्या डोळ्यांत होते! त्याच सुमारास पुण्याला मुलाकडे नात झाली. तिच्या जन्मसालाचा संच बारशाला द्यायचा, असं काकांनी ठरवलं. "पोरीच्या संचात गाठ नको," म्हणत त्यांनी एकामागून एक दोन संच परत पाठवले. तिसरा आला तेव्हा विकणाऱ्याने कळवलं, हा शेवटचा, आता शिल्लक नाही. नेमकी त्याच सकाळी ऑपरेशन होऊन काकांच्या डोळ्याला पट्टी.

"तूच पाह्य गा," ते पलंगावरून म्हणाले.

मी पाहिलं. चांदीच्या नाण्यावर कडेला चिमुकला दुधाळ डाग. सांगावं तर संच परत जाणार आणि पोरगी संचाविना राहणार. मग मला आमच्या आईची देवाची उपकरणी आठवली. मी काकूंच्या स्वयंपाकघरातून चिंच घेतली. चकाकी यावी म्हणून वर चिमूटभर रांगोळी. डाग गेला! "एकदम चकाचक, काका!" मी छाती फुगवून सांगितलं.

पट्टी निघाल्यावर काकांनी नाणं खिडकीशी धरलं. आरसा जाऊन तिथे तव्याचं बूड झालं होतं.

"कायनं घासलं?"

"चिंचेनं."

"आन्?"

"...रांगोळीनं."

"काहून, घरी राख नव्हती?" असं म्हणून काका जे हसत सुटले, ते डोळ्यांतून धारा लागेपर्यंत. काकू ओरडल्या, "अहो, डॉक्टरनं डोळ्याले पाणी लागू देऊ नका म्हटलं हाय!" काकांनी नवा डोळा माझ्यावर रोखला. "तुह्या तोंडावर एवढे डाग होते काय गा?" संध्याकाळपर्यंत त्यांनी जुन्या, पास केलेल्या संचांतही नवे ओरखडे शोधून काढले. इमारतीचा साक्षात्कार तिथेच संपला.

बारशाला तोच संच गेला. मागोमाग काका-काकूही कायमचे पुण्याला गेले. आता तळमजल्याच्या त्या खिडकीत कोणाचे तरी कपडे वाळतात.

परवा पुण्याला गेलो, तेव्हा काकांचे सगळे संच कपाटात कुलूपबंद होते. नात मात्र फरशीवर बसून माझं चिंचेचं नाणं भिंगरीसारखं फिरवत होती.

"बाकी कशाले हात लावू देत नाही मी," काका म्हणाले. "हे तिचं खेळायचं हाय."

पोरीने नाणं आणून त्यांच्या हातात दिलं. काकांनी हातमोजे घातले नाहीत. सवयीने भिंग मात्र लावलं, आणि मग मला जवळ बोलावलं.

"पाह्य गा, पोरीचा अंगठा. कसा साफ उमटला!"